वतन गेले, आडनाव राहिले

दसऱ्याला पंधरा दिवस उरले की बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीच्या वेशीबाहेर घिसाड्यांची पाले पडतात. पालापुढे जमिनीत रोवलेली ऐरण, बाजूला भाता, आणि भोवती कोयते शेवटून घ्यायला आलेली माणसे. ऊसतोडीला निघायचे तर कोयता हातात बसला पाहिजे, त्याची धार महिनाभर टिकली पाहिजे. मागच्या खेपेला मी तिथे बराच वेळ उभा होतो. पुरुष सांडशीत लालभडक लोखंड धरून हलकेच फिरवत होता आणि त्याची बायको उभ्याने घण घालत होती. घाव नेमका हवा तिथेच पडत होता. मध्येच ती थांबली, पदराने तोंड पुसले आणि पुन्हा घण उचलला. तापलेला कोयता पाण्यात गेला तेव्हा चर्र आवाज होऊन वाफ वर आली, तशी रांगेतली माणसे पुढे सरकली.

मी आडनाव विचारले. "चव्हाण," तो म्हणाला. बाई हसून म्हणाली, "दादा, आडनावाला काय करता? कोयता द्या इकडं."

घिसाड्यांत चव्हाण, पवार, साळुंके अशी आडनावे चालतात. हाच माणूस सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एखाद्या खेड्यात ऐरणीपुढे बसला असता तर त्याच्या नातवंडा-पणतवंडांचे आडनाव बहुधा स्मिथ झाले असते. स्मिथ म्हणजे लोहार, आणि इंग्लंडात सर्वांत जास्त माणसे ज्या आडनावाची आहेत ते हेच. अमेरिकेतही तेच पहिले. तिथल्या २०१० च्या जनगणनेत २४,४२,९७७ माणसांनी आपले आडनाव स्मिथ सांगितले. आमच्याकडे मात्र घण घालणारा चव्हाण असतो, आणि गावात ज्यांच्याकडे पाटीलकी नाही, चावडी नाही, अशी कितीतरी माणसे पाटील असतात. धंद्यावरून आडनाव पडते हे आपण शाळेत शिकतो. पण कोणत्या धंद्यावरून पडते, कोणत्यावरून पडत नाही, आणि पडलेले कोणाला सन्मानाचे वाटते, हा प्रश्न धर्मापुरीसारख्या गावात उभे राहून विचारला की वेगळा दिसू लागतो.

इंग्लंडची गोष्ट आधी उरकून घेऊ. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर तिथे हळूहळू वंशपरंपरेने चालणारी आडनावे रुजली. आधी सरदार घराण्यांत, मग शहरांत, आणि चौदाव्या शतकात सामान्य शेतकऱ्यांपर्यंत. १३७७, १३७९ आणि १३८१ साली डोईपट्टी बसवली गेली. ती गोळा करणाऱ्यांना एकाच गावातले चार जॉन वेगळे ओळखायचे होते. कोणी टेकडीजवळचा जॉन, कोणी विल्यमचा पोर जॉन, आणि एक लोहार जॉन. गावात शेती सगळेच करत, त्यामुळे 'शेतकरी जॉन' म्हणून काही उलगडा होत नसे. लोहार एकच असे, म्हणून ते नाव चिकटले. घर शाकारणाऱ्याचे थॅचर, बाण करणाऱ्याचे फ्लेचर, लाकडी पिंपे करणाऱ्याचे कूपर, पीठ दळणाऱ्याचे मिलर आणि कारकुनाचे क्लार्क. जर्मनीत श्मिट, पोलंडमध्ये कोवाल्स्की, अरबांत हद्दाद. भाषा बदलल्या तरी लोहाराची ऐरण आडनावात राहिली.

हे गणित आपल्याकडेही अर्धे लागू पडते. बहुसंख्य लोक कुणबीक करणारे, म्हणून कुणबी हे आडनाव क्वचितच भेटते. सगळेच जे करतात त्यावरून कोणाला ओळखायचे? परळी-अंबाजोगाई भागातली मतदारयादी उघडली की मुंडे, फड, गित्ते, कराड, नागरगोजे अशी वंजारी समाजाची आडनावे पानोपानी दिसतात. बैलांच्या पाठीवरून धान्याची ने-आण हा या समाजाचा जुना व्यवसाय, पण या आडनावांत ना बैल आहे ना गोणी. इथवर इंग्लंडशी जमते. पुढे मात्र फाटा फुटतो. गावात लोहार एकच असे, कुंभार एकच असे, मग महाराष्ट्रात लोहार हे आडनाव सर्वांत मोठे का झाले नाही? पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, जोशी हीच नावे एवढी का फैलावली?

माझे उत्तर सरळ आहे. आपल्याकडे आडनाव कामावरून पडले नाही, कामाच्या हक्कावरून पडले. त्या हक्काला वतन म्हणत. वतन बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत वाटले जाई, गहाण पडे, विकलेही जाई. पाटीलकीच्या तक्षिमा पडत, आणि ज्याच्या वाट्याला सोळावा हिस्साही आला तो स्वतःला पाटील म्हणवी. एका गावचा पाटील एकच असला तरी पाटील आडनाव लावणारी भावकी वाढत जाई. लोहाराच्या मुलांची संख्याही वाढे, पण लोहार म्हणवून घेतल्याने त्यांना मानपान मिळत नसे, पोळ्याला पहिला बैल काढायचा मान मिळत नसे, महसुलातला वाटा मिळत नसे. जे नाव मिळकतीसारखे होते तेच जपले गेले.

या नावांची मुळे फार जुनी आहेत. पाटील हा शब्द 'पट्टकील' या शब्दातून आला. माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांत दानाची खबर गावच्या पट्टकिलांना दिलेली आढळते. कुलकर्णीतले 'करण' म्हणजे हिशेब, दप्तर. कुळवार हिशेब ठेवणारा तो कुळकरणी, नाडाचा म्हणजे प्रांताच्या एका भागाचा हिशेब ठेवणारा तो नाडकर्णी. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा प्रधान हेमाद्री म्हणजेच हेमाडपंत स्वतःला 'श्रीकरणाधिप' म्हणवत असे, म्हणजे सगळ्या दप्तरखान्याचा मुख्य. आज एखाद्या गावच्या कुलकर्ण्याला सांगितले की तुमच्या आडनावातला 'करण' आणि हेमाडपंतांच्या पदवीतला 'करण' एकच, तर त्याला बरे वाटेल आणि ते खरेही आहे. कानडी मुलखात हिशेबनिसाला 'सेनबोव' म्हणत; त्याचे शानभाग झाले. गावच्या मुख्याला 'गावुंड' म्हणत. त्याचे गौडा, गावडा आणि नाडगौडा झाले. धर्मापुरीचे केदारेश्वराचे देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले. ती राजवट कानडी आणि मराठी दोन्ही मुलखांवर पसरलेली होती, त्यामुळे या दोन्ही भाषांतले शब्द आपल्या भागात शेजारी शेजारी नांदतात.

वतनाच्या हक्कासोबत जबाबदारीही किती मोठी होती हे अंबाजोगाईच्या दासोपंतांच्या चरित्रात दिसते. दासोपंतांचा जन्म १५५१ सालचा, नारायणपेठचा. वडील दिगंबरपंत बेदरच्या बरीदशाहीत देशपांडे होते. आडनाव म्हणून देशपांडे नव्हे, खरोखर परगण्याचे हिशेब आणि वसूल सांभाळणारे देशपांडे. कथा अशी सांगतात की वसुलाचा भरणा वेळेवर झाला नाही म्हणून बादशहाने लहानग्या दासोपंतांना ओलीस ठेवले, मुदत दिली, आणि शेवटच्या दिवशी दत्ताने रूप पालटून रक्कम भरली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेत हेच काम विठू महार होऊन विठ्ठल करतो. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातली भीती खरी आहे. परगण्याचा वसूल चुकला तर देशपांड्याचे पोर जाई. पुढे दासोपंत अंबाजोगाईला राहिले, तिथेच १६१५ मध्ये देह ठेवला, आणि लांबलचक कापडावर अक्षरे लिहून 'पासोडी' करून ठेवली. बापाच्या घरी वसुलाचे कागद होते, मुलाने कापडावर पंचीकरण लिहिले. देशपांडे आडनावाच्या माणसाने ती पासोडी एकदा तरी जाऊन पाहावी असे मला मनापासून वाटते.

बहामनी काळापासून फारसी आली आणि आडनावांचे एक मोठे कुटुंबच जन्माला आले. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. चिठ्ठी लिहिणारा चिटणीस, फारसी लिहिणारा पारसनीस, जमेचा हिशेब लिहिणारा जमेनीस, पोत म्हणजे खजिना लिहिणारा पोतनीस, पागेचा हिशेब लिहिणारा पागनीस, कारखान्यांची म्हणजे कोठारांची नोंद ठेवणारा कारखानीस, हजेरी आणि पगाराचा हिशेब ठेवणारा सबनीस. फडणीस या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती सांगतात. 'फर्द' म्हणजे कागदाची फर्दी लिहिणारा, किंवा 'फड' म्हणजे कचेरी, तिथे लिहिणारा. आमच्या बीड जिल्ह्यात फड म्हटले की उसाचा फड डोळ्यापुढे येतो. एकाच शब्दाच्या एका टोकाला पुणे दरबारची कचेरी आणि दुसऱ्या टोकाला कोयत्याने तोडलेला ऊस. आडनावात मात्र कचेरी गेली.

एक गोष्ट या दरबारी नावांत फार स्पष्ट दिसते. पद आले की जुने आडनाव मागे पडे. नाना फडणवीस मूळचे बाळाजी जनार्दन भानू. पेशवे मूळचे भट. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी मूळचे चित्रे. पुढे त्यांचे घराणे चिटणीस म्हणून ओळखले गेले, आणि त्याच घराण्यातल्या मल्हार रामरावांची बखर प्रसिद्ध आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी फारसी पदांना संस्कृत नावे दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत. त्यासाठी राज्यव्यवहारकोश तयार झाला. तरीही आज मुजुमदार, वाकनीस, डबीर ही आडनावे घरोघरी आहेत, आणि संस्कृत पदांपैकी आडनाव म्हणून टिकली ती मुख्यतः संस्थानिकांकडे: भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंत अमात्य, औंधचे पंतप्रतिनिधी. औंधच्या घराण्याचे मूळ तर किन्हईच्या कुलकर्ण्यांचे. म्हणजे एका वतनाचे नाव दुसऱ्या पदाने झाकले. त्याच घराण्यातले मुत्सद्दी अप्पासाहेब पंत यांच्यापर्यंत येता येता नुसते 'पंत' उरले.

मराठवाड्यात हा प्रवास निजामाच्या राज्यातून झाला, आणि तो पुण्या-साताऱ्यापेक्षा निराळा आहे. इथे गावच्या हिशेबनिसाला पटवारी म्हणण्याचा प्रघात. पाटील दोन: महसुलाचा तो माली पाटील, कारण अरबीत 'माल' म्हणजे महसूल, आणि बंदोबस्ताचा तो कोतवाली पाटील. बेदर-गुलबर्ग्याकडे मालीपाटील हे आजही आडनाव आहे. ते बागेतल्या माळ्यावरून आले असे समजणारे भेटतात म्हणून हे सांगितले. १८५३ साली पहिले सालारजंग हैदराबादचे दिवाण झाले. त्यांनी पगारी तहसीलदार आणि तालुकदार नेमले, १८६५ च्या सुमाराला जिल्हाबंदी केली, आणि देशमुख-देशपांड्यांच्या हातून वसूल काढून घेतला. बदल्यात त्यांना रोख 'रुसूम' बांधून दिला. मला हा क्षण या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. काम गेले, पैसे चालू राहिले, नाव चालू राहिले. देशमुख हा अधिकारी होता तो तिथे आडनाव झाला.

बाकीचे स्वातंत्र्यानंतर झाले. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने गेली. १९६२ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपली. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील नेमणुकीने येऊ लागला, म्हणजे आज एखाद्या गावचा पोलीस पाटील कांबळे असतो किंवा मुंडे असतो, आणि पाटील आडनावाचा माणूस त्याच्याकडे दाखल्यासाठी जातो. कुलकर्ण्याच्या जागी तलाठी आला. कोतवाल या शब्दाचा तर अर्थच पार पालटला. एके काळी शहराच्या बंदोबस्ताचा मोठा अधिकारी तो कोतवाल. पुढे महसूल खात्यात गावपातळीवर तलाठ्याच्या हाताखाली निरोप पोचवणाऱ्या, दवंडी देणाऱ्या माणसाला कोतवाल म्हणू लागले. आडनाव मात्र जुन्या तोऱ्यात उभे आहे.

आता हाताने काम करणाऱ्यांकडे वळतो. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या आपल्या संतांची नावे पाहा: गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, नामदेव शिंपी. इथे धंदा नावाला जोडून येतो, आणि त्यात कमीपणा कुठे नाही. वारकरी आजही गोरोबा कुंभार म्हणतो ते मायेने म्हणतो. म्हणजे इंग्लंडात ज्या काळात स्मिथ आणि बेकर ही आडनावे रुजत होती, साधारण त्याच काळात आपल्याकडेही कारागिराचे नाव त्याच्या चाकासकट, वस्तऱ्यासकट घेतले जात होते. फरक पुढे पडला. इंग्लंडात लोहाराचा मुलगा शिंपी होऊ शके आणि तरी स्मिथ राही. आपल्याकडे लोहाराचा मुलगा लोहारच राहावा अशी व्यवस्था होती, त्यामुळे लोहार हे आडनाव न राहता जात झाली. बलुतेदारीत कारागिराचा धंदा वंशपरंपरेचा होता, पण त्याच्या वाट्याला खळ्यावरचे बलुते येई, अधिकार येत नसे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ सालच्या 'गावगाडा' या पुस्तकात या देण्याघेण्याचे जे तपशील लिहून ठेवले आहेत ते वाचले की कळते, एकाच गावगाड्यात दोन तऱ्हेची वतने होती.

आणि तिसरी तऱ्हा सगळ्यांत कडू. महार वतनात काम अमर्याद, मोबदला तुटपुंजा, आणि सुटका नाही. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. ज्या पद्धतीने एका घराला कुलकर्णी हे मिरवायचे आडनाव दिले त्याच पद्धतीने दुसऱ्या घराच्या गळ्यात हे लोढणे बांधले. पुढे १९५८ साली मुंबई राज्याने ही वतने रद्द करणारा कायदा केला तेव्हा कायद्याच्या नावातच त्यांना 'कनिष्ठ' म्हटलेले होते. बाबासाहेबांचे घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. त्यावरून आंबडवेकर आणि आंबेडकर. गावाच्या नावाला 'कर' लावले की धंदा आणि जात दोन्ही झाकली जातात, म्हणून या प्रत्ययाने कितीतरी लोकांना आसरा दिला. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना लोक 'शनिवार तेली' म्हणत, कारण ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यांनी आडनावे घेतली ती मात्र पेणकर, रोहेकर अशी गावांवरून. तेली हे नाव लोकांनी दिले होते, त्यांनी ते आपले म्हणून घेतले नाही.

धर्मापुरीकर हे आडनावही असेच. धर्मापुरीत राहणारा कोणी धर्मापुरीकर नसतो. नांदेडला, हैदराबादला, पुण्याला गेला की तो धर्मापुरीकर होतो.

बलुतेदारांच्या घरांत आडनाव मुळात नव्हते असे नाही. कुलाची आडनावे होतीच, लग्न जुळवताना ती विचारली जात. पण शाळेच्या हजेरीपटावर नाव चढवताना मास्तरांनी बापाला विचारले, "काय करतो?" आणि उत्तर आडनावाच्या रकान्यात लिहिले गेले. सुतार, लोहार, कुंभार, परीट अशी कितीतरी आडनावे या रकान्यात जन्मली. मी अनेक घरांत हे ऐकले आहे: "आमचं खरं आडनाव वेगळं हो, हे मास्तरांनी लावलं." दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा छापले गेले की ते बदलायला राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, मग सगळे कागद पुन्हा करावे लागतात. देशपांड्याचे नाव त्याच्या पणजोबाने मिळवले म्हणून तो सांगतो, आणि सुताराचे नाव दुसऱ्या कोणीतरी लिहिले म्हणून सांगतो. धंद्यावरून पडलेल्या आडनावांचा विचार करताना हा फरक विसरला तर सगळाच आढावा चुकतो.

मराठवाड्यात या प्रश्नावर कारागिरांनी स्वतः काढलेला एक तोडगा आहे, पांचाळ हे आडनाव. लोखंड, लाकूड, तांबे, दगड आणि सोने या पाचांवर काम करणारे ते पांचाळ, विश्वकर्म्याच्या पाच मुलांचे वंशज अशी त्यांची श्रद्धा. बीड, लातूर, नांदेड या पट्ट्यात पांचाळ म्हटले की सुतार असेल, लोहार असेल किंवा सोनार असेल. आपल्या भागातला स्मिथ शोधायचा तर मी पांचाळांकडे बोट दाखवीन. या नावात काम आहे, पण ते दुसऱ्याने सांगितलेले काम नाही. त्यात विद्येचा अभिमान आहे. केदारेश्वराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी एकदा सकाळच्या तिरप्या उन्हात पाहाव्यात. कमरेची वळणे, बोटांची पेरे, दागिन्यांच्या कडा इतक्या नाजूक आहेत की हा अभिमान कुठून आला ते विचारावे लागत नाही. त्या काळच्या कानडी मुलखातले शिल्पी आपल्या नावामागे आचार्य या अर्थी 'ओज' लावत. बेलूरच्या मंदिरावर काम केलेला बळ्ळिगावीचा दासोज प्रसिद्ध आहे. म्हणजे कारागिराने आपल्या नावात आपली विद्या कोरावी ही रीत इथल्या मातीत नवी नाही.

मुसलमान कारागिरांत धंद्याची आडनावे जास्त सरळपणे टिकली. विणणारे मोमीन, कापूस पिंजणारे पिंजारी, पानविडे विकणारे तांबोळी, फळे विकणारे बागवान, अत्तरवाले अत्तार, शस्त्रांना धार लावणारे शिकलगार. दर्ग्याची सेवा करणारे मुजावर आणि न्यायनिवाडा करणारे काझी हे पुन्हा हक्काच्या बाजूचे. लिंगायतांत मठपती आणि स्वामी तसेच.

इंग्रजी धंद्याची आडनावे खुद्द महाराष्ट्रात कोणी घेतली असतील तर ती मुंबईच्या पारशांनी. इंग्रजी अमलात नवे धंदे आले आणि त्यांनी ते आडनाव करून टाकले: इंजिनीयर, कॉन्ट्रॅक्टर, मर्चंट, डॉक्टर. फारूख इंजिनीयर आणि नरी कॉन्ट्रॅक्टर भारताकडून क्रिकेट खेळले तेव्हा ही नावे घराघरांत रेडिओवरून पोचली. बाटलीवाला, दारूवाला ही त्याच उत्साहातली. मला यात मोकळेपणा दिसतो. काम नवे, नाव नवे, आणि दोन्ही स्वतः निवडलेले. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टरला गुत्तेदार म्हणतात, आणि गुत्तेदार हे निजामाच्या जुन्या मुलखात आडनावही झाले आहे. गोव्यात फेरेरा हे आडनाव आहे. त्याचे नाते पोर्तुगीज भाषेत लोखंडाशी. बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनाव मिळालेल्या त्या गोवेकर घराण्याच्या पूर्वजांनी भाता पाहिलाही नसेल. त्यांचे जुने आडनाव प्रभू असेल, नायक असेल, कामत असेल.

एका गोष्टीकडे मात्र आपल्या आडनावांच्या अभ्यासात फार कमी लक्ष गेले आहे, ती म्हणजे बायकांचे काम. जुन्या इंग्रजीत 'स्टर' हा प्रत्यय मुळात काम करणाऱ्या स्त्रीला लावत. विणणारी ती वेबस्टर, मद्य गाळणारी ती ब्रूस्टर, पाव भाजणारी ती बॅक्स्टर. पुढे ही नावे पुरुषांनाही लागली आणि आडनावे झाली, पण त्यांच्या पोटात एका बाईचे काम आहे. मराठीत कुंभारीण म्हणजे कुंभाराची बायको, माळीण म्हणजे माळ्याची बायको. माती तीही तुडवते, भाजी तीच विकते, पण शब्द नात्याचा राहतो. पूर्णपणे बाईचा असा गावातला एक धंदा होता, सुईणीचा. गावच्या गाव तिच्या हातावर जन्मले. सुईण आडनावाचे घर मला आजवर भेटलेले नाही.

म्हणून त्या घण घालणाऱ्या बाईकडे मी इतका वेळ पाहत होतो.

ज्यांच्यासाठी ती कोयते करत होती त्यांच्यातही तेच आहे. टोळी ठरते ती मुकादमाकडे. मुकादम हा शब्द अरबी 'मुकद्दम' वरून आला, म्हणजे पुढे असणारा. जुन्या कागदांत गावच्या पाटलाला 'मोकदम' म्हटलेले आढळते, आणि कोकणात मुकादम हे आडनाव आजही चांगले नांदते. बीड जिल्ह्यात मात्र हा शब्द अजून आडनाव झालेला नाही, तो जिवंत पद आहे. मुकादम कारखान्याकडून पैसे आणतो, उचल देतो, टोळी बांधतो, पट्टा पडेपर्यंत म्हणजे हंगाम संपेपर्यंत तिची जबाबदारी घेतो. पाटीलकी, देशमुखी, देशपांडेपण आपापल्या काळात असेच होते: वरच्याकडून आलेला पैसा आणि खालच्याकडून घ्यायचे काम यांच्या मध्ये उभा असलेला माणूस. वसूल चुकला की देशपांड्याला धरत, टोळी पळाली की मुकादमाला धरतात.

मुकादमाच्या वहीचे एक पान मला पाहायला मिळाले. लांब, लाल पुठ्ठ्याची वही, दोरीने बांधलेली. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात उचल, चौथ्यात सही किंवा अंगठा. नावाच्या रकान्यात पुरुषाचे नाव आणि आडनाव, आणि पुढे लिहिलेले: एक कोयता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. तो ऊस तोडतो, ती वाढे साळते, मोळी बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते, आणि अंधारात कोपीवर परतून भाकरी टाकते. एकटा माणूस असला तर वहीत लिहितात, अर्धा कोयता.

ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झाले, ओळखपत्रे देण्याचे ठरले. त्या ओळखपत्रावर बाईचे स्वतःचे नाव स्वतंत्र यावे, तिच्या कामाची नोंद तिच्या नावाने व्हावी, असे मला फार वाटते. मी वही मिटवून मुकादमाला परत दिली तेव्हा त्याने विचारले, "काय शोधत होते?" मी म्हटले, "बायांची नावं." तो म्हणाला, "ती तोंडपाठ हायेत की," आणि त्याने रकान्यावर बोट फिरवत वरपासून खालपर्यंत प्रत्येकीचे नाव म्हणून दाखवले.